मार्लफर्डचा न चुकलेला गुरुवार

दार उघडलं तर समोर मिस्टर प्रूएट. टोपीवर चार बोटं बर्फ, नाक डाळिंबासारखं लाल, आणि हातात ती पितळी घंटा, जी ते दर गुरुवारी चौकात वाजवायचे.

"मिसेस दहिवाळ," ते म्हणाले, "तुमच्या घरात विकण्याजोगं काय आहे?"

सकाळचे पावणेदहा झाले होते. माझ्या अंगावर दोन स्वेटर, पायात यांचे मोजे. मागून यांचा आवाज आला, मराठीत, "काय म्हणतोय तो? घर विकायचंय का विचारतोय?"

"तुम्ही जरा गप्प बसा हो," मी म्हटलं आणि मिस्टर प्रूएटना आत घेतलं. ते पायपुसण्यावर उभे राहिले ते तिथेच. इंग्रज माणूस ओल्या बुटांनी आत येत नाही, आणि बूट काढायला सांगितलं की त्याला कपडे काढायला सांगितल्यासारखं वाटतं. म्हणून आमच्याकडची सगळी महत्त्वाची बोलणी पायपुसण्यावरच व्हायची.

मिस्टर प्रूएट म्हणजे मार्लफर्डच्या बाजाराचे वॉर्डन. कुणाचं दुकान कुठे लागणार, कुणाची छत्री कुणाच्या डोळ्यात जाते, कुणाच्या बटाट्यांनी रस्ता अडवलाय, हे सगळं ते बघायचे. वय सत्तरीला टेकलेलं. बोलणं मोजकं. अकरा वर्षांत ते माझ्याशी जेवढं बोलले असतील त्याहून जास्त त्या दिवशी पाच मिनिटांत बोलले.

"रस्ते बंद आहेत. आठपैकी एकही विक्रेता येऊ शकत नाही," ते म्हणाले. "आणि आज गुरुवार आहे."

"मग आज बाजार नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चर्च पाडा म्हटलंय.

"सातशे बारा वर्षं, मिसेस दहिवाळ. एकही गुरुवार चुकलेला नाही. प्लेगमध्ये नाही, दोन महायुद्धांत नाही. सनदेत स्पष्ट लिहिलंय. ज्या गुरुवारी चर्चच्या घड्याळात बाराचे ठोके पडेपर्यंत चौकात एकही विक्री झाली नाही, त्या गुरुवारी गावाचा बाजाराचा हक्क संपला. कायमचा. आणि कौन्सिल टपूनच बसलंय. त्यांना तिथे गाड्या लावायला जागा हवी आहे."

कौन्सिलचं मला ठाऊक होतं. गाव ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मार्लफर्ड लंडनपासून रेल्वेने पन्नास मिनिटांवर. वेशीवर पाटी आहे, 'ऐतिहासिक बाजारपेठेचं गाव'. ती पाटी वाचून लोक इथे घरं घेतात, दुप्पट किंमत देतात, आणि मग सकाळी सहा चाळीसच्या गाडीने लंडनला जातात ते संध्याकाळी सातला परत येतात. बाजार भरतो गुरुवारी नऊला आणि उठतो तीनला. म्हणजे ज्या बाजाराच्या अभिमानाने गावाची छाती फुगलेली असायची, तो भरलेला गावातल्या निम्म्या लोकांनी कधी पाहिलाच नव्हता. आमचे हे त्यातलेच. अकरा वर्षं झाली होती आम्हाला इथे. पाहुणे आले की हे मोठ्या तोऱ्यात सांगायचे, "आमच्याकडचा बाजार तेराव्या शतकातला आहे बरं का." चौकात टोमॅटो कुठल्या बाजूला मिळतात विचारलं असतं तर घाम फुटला असता.

मी मात्र तो बाजार रोज, म्हणजे दर गुरुवारी, बघत होते. औषधांच्या दुकानावर आमचं घर, खिडकी चौकावर. माझे वडील कासार. कराडकडच्या चार गावांचे बाजार ते करायचे, बांगड्यांची माळ खांद्यावर टाकून, आणि मी दहावीला नापास होईपर्यंत शाळा सोडून त्यांच्याबरोबर असायचे. नापास झाल्यावर तर पूर्णवेळ. इंग्रजी मी मार्लफर्डच्या लायब्ररीत आणि भाजीवाल्या डेरेकच्या तोंडून शिकले. त्यातलं कुठलं कुठे वापरायचं नाही हे कळायला मला तीन वर्षं लागली.

तर दोन वर्षांत मी दोनदा अर्ज केला होता. मला थालीपिठाचं एक टेबल लावायचं होतं, बस. बाजार समितीत तीन माणसं. दोन्ही वेळा उत्तर आलं ते मिसेस हॅलम यांच्या सहीचं. गावाच्या वारसा मंडळाच्या अध्यक्षही त्याच. पत्रात लिहिलं होतं की माझा पदार्थ 'गावाच्या स्वभावाला आणि वारशाला साजेसा नाही'. पहिल्या पत्राच्या वेळी मी वारशाचा इंग्रजी शब्द डिक्शनरीत बघितला. दुसऱ्या वेळी बघावा लागला नाही. तिसरा अर्ज करणार नाही, अशी शपथ मी घेतली होती. आमच्या घराण्यात हात पसरायची पद्धत नाही. बांगड्या भरायला गिऱ्हाईकच हात पुढे करतं.

"मिसेस हॅलमना चालेल का?" मी विचारलं. आवाजात जरा लिंबू पिळलं होतं, नाही म्हणत नाही.

"मिसेस हॅलमना सनद गेलेली चालणार नाही," मिस्टर प्रूएट म्हणाले.

यांनी तेवढ्यात मध्ये तोंड घातलं. गाड्या रद्द, ऑफिस बंद, माणूस घरात. मग त्याला दर गोष्टीत मत असतं. "पण शेजारी विचारा ना. या गल्लीत एवढे लोक राहतात."

"मी विचार केला होता," मिस्टर प्रूएट गंभीरपणे म्हणाले. "तुमच्या गल्लीत तीन वकील आहेत आणि पाच बँकवाले. त्यांच्या घरात विकण्याजोगं काही बनत नाही."

"आणि रस्ते खरंच बंद आहेत? दूधवाला आला होता की सकाळी."

"दूधवाल्याचं वेगळं असतं," असं म्हणून मिस्टर प्रूएटनी घंटा या हातातून त्या हातात घेतली.

मी आत जाऊन भाजणीचा डबा उघडला. सासूबाईंनी पाठवलेली, चार किलो. मुलगी सुट्टीत येईल म्हणून जपून ठेवलेली. डब्याकडे मी थोडा वेळ बघत राहिले. मग यांना हाक मारली.

"अहो, कॅम्पिंगचा गॅस काढा माळ्यावरून. आणि कांदे चिरायला घ्या."

"मी?"

"वकील बोलावू का?"

साडेदहाला आम्ही चौकात होतो. चौक सगळा पांढरा, आणि त्यात आमचं एकच टेबल. भिंतींना वॉलपेपर चिकटवताना घेतात ना, तसलं घडीचं टेबल. हे ऑफिसच्या काळ्या कोटावर माझा फुलाफुलांचा एप्रन बांधून कांदे चिरत होते आणि डोळ्यांतून पाणी गाळत होते. "थंडीमुळे आहे," म्हणत होते. मिस्टर प्रूएटनी घंटा वाजवली, खिशातून जाडजूड वही काढली, तारीख टाकली आणि बाजूला जाऊन उभे राहिले.

मी त्यांना पहिलं थालीपीठ पुढे केलं. त्यांनी हात मागे घेतले.

"वॉर्डनला विकत घेता येत नाही. नियम आहे. तुमच्या घरातल्या कुणालाही नाही." यांनी खिशातला हात बाहेर काढला. "गावातल्या माणसाने घ्यायला हवं. रोख. बाराच्या आत."

पावणेअकरा. अकरा. कुणी नाही. चौकात एक कुत्रं आलं, त्याने आमच्याकडे बघितलं, मालकिणीने त्याला ओढून नेलं. मी तवा मंद करून ठेवला. दर मिनिटाला मी चर्चच्या घड्याळाकडे बघत होते. गंमत बघा, सातशे वर्षांच्या त्या हक्काशी माझं काय नातं? पण बाजार न भरलेला मी कधी पाहिला नव्हता. वडिलांना न्यूमोनिया झाला होता तेव्हाही त्यांनी मला माळ देऊन पाठवलं होतं. बाजार म्हणजे भरायचाच.

सव्वाअकराला मिसेस हॅलम आल्या. हिरवा कोट, पिसाची टोपी, घाईत घराबाहेर पडलेल्या, हातमोजेसुद्धा विसरलेल्या. त्यांनी टेबलाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. यांच्या एप्रनकडे जरा जास्तच बघितलं.

"विल्फ्रेड," त्या मिस्टर प्रूएटना म्हणाल्या, "याला काही पर्याय?"

"नाही, मिसेस हॅलम. सनदेचा प्रश्न आहे."

"सनद." त्यांनी डोळे मिटले. टाउन हॉलमध्ये काचेच्या पेटीत ती सनद ठेवलेली आहे, लॅटिनमधली. मिसेस हॅलम पर्यटकांना रोज ती दाखवायच्या. "ठीक आहे. फक्त आजच्यापुरतं. सनदेसाठी. मी इथे थांबते, सगळं रीतसर होतंय ना ते बघायला."

आणि त्या टेबलासमोर चार हातांवर उभ्या राहिल्या. बंदोबस्ताला असल्यासारख्या. घोटाळा झाला तो इथे.

गाड्या बंद म्हणून घरात कोंडलेले लोक हळूहळू बाहेर पडत होते. एक उंच तरुण आला, गळ्यात मफलर. चौकात काहीतरी शिजतंय, वास सुटलाय, आणि समोर एक बाई उभी आहे, हे त्याने पाहिलं. तो मिसेस हॅलम यांच्या मागे जाऊन उभा राहिला. त्याच्या मागे एक बाई बाबागाडी घेऊन. तिच्या मागे दोन वकील. मग बँकवाले. पंधरा मिनिटांत टेबलापासून चर्चच्या फाटकापर्यंत रांग. स्टेशनात उभे राहतात तसे, दोन माणसांत एकेक हात अंतर सोडून, समोर बघत, गप्प.

"इथे दर गुरुवारी असतं का हे?" मफलरवाल्याने मागच्या बाईला हळूच विचारलं.

"वाटतं. मी गुरुवारी ऑफिसात असते."

"मीही. छान आहे ना?"

रांग वाढत होती आणि विक्री शून्य. कारण रांगेत पहिल्या होत्या मिसेस हॅलम, आणि मिसेस हॅलम काही घेत नव्हत्या. आणि पहिला माणूस घेत नाही तोवर दुसऱ्याने पुढे जायचं, हे या देशात होऊ शकत नाही. आग लागली असती तरी ते लोक रांगेनेच पळाले असते.

"मिसेस हॅलम," मिस्टर प्रूएट कुजबुजले, "तुम्ही जरा बाजूला..."

"मी जागेवरून हलले तर लोकांना वाटेल की मी रांग सोडली. मागे एवढी माणसं उभी आहेत. बरं दिसणार नाही."

"मग तुम्ही एक घ्या."

मिसेस हॅलम माझ्याकडे बघेनात. बिचारीची खरंच कुचंबणा होती. दोन पत्रं लिहिलेली, त्यांच्या सहीची, आणि समोर ती पत्रं मिळालेली बाई झारा घेऊन उभी. घ्यावं तर स्वतःचीच सही खोटी ठरणार, आणि न घ्यावं तर सनद जाणार.

"अगं, त्या मफलरवाल्यालाच बोलव ना पुढे," हे मराठीत म्हणाले.

मी बोलावलं. "या, या, गरम आहे!"

तो लाजून हसला आणि मिसेस हॅलम यांच्याकडे हात करून म्हणाला, "नाही नाही, त्या आधी आहेत."

अकरा बावन्न. मिस्टर प्रूएट घड्याळाकडे बघत होते. त्यांच्या हातातली वही थरथरत होती, थंडीने की कशाने, देव जाणे. मी इतक्या वर्षांत त्यांना कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. मला वाटलं, या माणसाची सातशे वर्षं चार हातांच्या अंतरात बुडणार.

मी झारा यांच्या हातात दिला आणि टेबलाच्या पुढे आले. बाजारात हे करायचं नसतं, विकणाऱ्याने आपली बाजू सोडायची नसते. पण वडील सोडायचे. बाई लांबून बांगड्या बघत उभी आहे, सासू बरोबर आहे, घ्यावं की नको चाललंय, अशा वेळी ते उठून जायचे आणि म्हणायचे, "माई, घेऊ नका. नुसता हात द्या." हात एकदा हातात आला की बोलायचं काही उरत नाही.

मी तव्यावरचं थालीपीठ कागदात गुंडाळलं, मिसेस हॅलम यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, "मिसेस हॅलम, घेऊ नका. नुसता हात द्या."

"माफ करा?"

"तुमचे हात निळे पडलेत. शेकायला धरा."

त्यांनी खरंच हातांकडे पाहिलं. मी तेवढ्यात त्यांचा उजवा हात धरला, उलटा केला आणि ती गरम पुडी त्यावर ठेवून बोटं मिटवली. बांगडी भरताना मिटवतात तशी, एकेक. हात बर्फासारखा गार होता, आणि म्हाताऱ्या माणसाचा असतो तसा हलका. त्यांनी तो ओढून घेतला नाही. कुणी हात धरून बराच काळ झाला असावा असं मला वाटलं. मला त्या बाईबद्दल तोवर जे काय वाटत होतं ते जरा विरघळलं, सगळं नाही.

"किती छान ऊब आहे," त्या अगदी हळू म्हणाल्या. मग भानावर आल्या. मागे चाळीस माणसं बघत होती. हातात दुसऱ्याची वस्तू, फुकटची. इंग्रज बाईला याहून मोठी बेअब्रू नाही. त्या लाल झाल्या, डाव्या हाताने पर्स उघडली.

"किती झाले?"

मिस्टर प्रूएटनी माझ्या तळहातावर नाणं पडताना पाहिलं आणि अशी घंटा वाजवली, अशी वाजवली, की चर्चवरची कबुतरं उडाली. त्या आवाजावरच चर्चच्या घड्याळाने बाराचा पहिला ठोका दिला. रांगेने टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते विचारू नका, त्यांनाही ठाऊक नव्हतं. मिस्टर प्रूएटनी वही उघडली आणि माझं नाव लिहिलं, जागा क्रमांक सहा.

मिसेस हॅलम बाजूला झाल्या, आणि मग मात्र आम्हाला श्वास घ्यायला फुरसत मिळाली नाही. चार किलो भाजणी दीड वाजता संपली. हे घामाघूम होऊन थालीपिठं थापत होते आणि बँकवाल्यांना सांगत होते, "आमचा बाजार तेराव्या शतकातला आहे, ठाऊक आहे ना?"

पुढच्या आठवड्यात बाजार समितीचं पत्र आलं. मला वाटलं, तिसरं. पण त्यात लिहिलं होतं, की बाजाराच्या नियमांनुसार ज्याची विक्री वॉर्डनच्या वहीत चढली त्याची जागा काढून घेता येत नाही. सबब सहा क्रमांक माझा. सही मिसेस हॅलम यांचीच. सहीखाली पेनने एक ओळ होती, 'कांदा थोडा कमी चालेल.'

मी कांदा कमी केला नाही. त्या दर गुरुवारी येऊन तक्रार करायच्या आणि दोन घेऊन जायच्या.

या गोष्टीला तेरा वर्षं झाली. मिस्टर प्रूएट दोन वर्षांपूर्वी गेले. मिसेस हॅलम मुलीकडे राहायला गेल्या. हे रिटायर झाले आणि आता गुरुवारी पैसे घ्यायला बसतात, म्हणजे गप्पा मारायला. जागा सहाच्या शेजारी सातवर भाजीवाला डेरेक आहे.

गेल्या फेब्रुवारीत थोडा बर्फ पडला. गिऱ्हाईक नव्हतं. डेरेक हातावर फुंकर मारत म्हणाला, "हे काहीच नाही, लव्ह. तुझ्या त्या गुरुवारी काय पडला होता!" इथले भाजीवाले बाईमाणसाला लव्ह म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हे दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते.

"म्हणून तर तुम्ही कुणी येऊ शकला नाहीत," मी म्हटलं.

डेरेकने माझ्याकडे विचित्र बघितलं. मग फ्लॉवर इकडचे तिकडे करायला लागला.

"काय झालं?"

"काही नाही. आता तो म्हातारा गेलाय, सांगायला हरकत नाही." त्याने फ्लॉवर खाली ठेवला. "माझी व्हॅन भरून तयार होती त्या दिवशी. आमच्या बाजूचा रस्ता मोकळा होता. साडेसातला विल्फ्रेडचा फोन आला. म्हणाला, आज येऊ नकोस. बाकीच्या सात जणांनाही सांग, कुणी यायचं नाही."

मी हातातला झारा खाली ठेवला.

"समितीत तीन माणसं. दोन्ही वेळा तो एकटाच तुझ्या बाजूने होता. तो नियम त्याला ठाऊक होता, वहीत नाव चढलं की काढता येत नाही. पण चढवायचं कसं? गावात दुसरा विक्रेता असता तर मिसेस हॅलमनी तुला उभं राहू दिलं नसतं."

"आणि सनद? बाराचे ठोके?"

"लॅटिन आहे ते, लव्ह. मिसेस हॅलमनासुद्धा वाचता येत नाही. त्याने एकदा शाळेतल्या लॅटिनच्या मास्तरांकडून वाचून घेतलं होतं. जत्रेचा दिवस कुठला आणि डुकरं कुठे बांधायची, एवढंच आहे त्यात. बाराबिरा काही नाही."

"म्हणजे गुरुवार चुकला असता तरी हक्क गेला नसता?"

"हक्क नसता गेला. पण गुरुवार चुकलाच असता ना. सातशे वर्षांत पहिला, आणि त्याच्या हातून. मी म्हटलं त्याला, विल्फ्रेड, बाईने दारच नाही उघडलं तर? म्हणाला, मग मी सगळ्यांसमोर चूक कबूल करीन आणि वही कौन्सिलला देऊन टाकीन."

मला ती थरथरती वही दिसली. मला वाटलं होतं, तो गावासाठी घाबरलाय.

"तेरा वर्षं," मी म्हटलं. "शेजारी उभा राहतोस आणि एक अक्षर बोलला नाहीस?"

"शपथ घातली होती त्याने. म्हणाला, तिला कळलं तर ती जागा परत करेल. तसली बाई आहे."

त्याचं खरं होतं. तेव्हा मी केली असती. त्याच दिवशी, त्याच चौकात, कुणाची मेहरबानी नको म्हणून टेबल घडी करून घरी गेले असते, आणि आयुष्यभर खिडकीतून बघत राहिले असते, ताठ मानेने.

समोरून एक गिऱ्हाईक येताना दिसलं. मी डोळे पुसले आणि तवा चढवला.

"आता काय?" डेरेकने जरा भीत भीत विचारलं. "परत करणार का?"

"डेरेक," मी म्हटलं, "तुझी ती कोबीची पेटी माझ्या हद्दीत वीतभर आली आहे. उचल आधी."